राउटर काकूंच्या घरात होता

पुण्यात सदाशिव पेठेत आम्ही सात मुली एका फ्लॅटमध्ये कॉट बेसिसवर राहत होतो. बहुतेक जणी एमपीएससीची तयारी करणाऱ्या. एक नर्स होती, एक रोज खराडीला कंपनीत जायची. मालक काका-काकू खालच्या मजल्यावर राहायचे. भाड्यात पाणी, वीज आणि वाय-फाय धरलेलं होतं. राउटर काकूंच्या हॉलमध्ये होता आणि वर रेंज यावी म्हणून आमच्या पॅसेजमध्ये एक छोटं यंत्र लावलेलं होतं. पासवर्ड काकूंच्या भाच्याने प्रत्येकीच्या फोनमध्ये स्वतः टाकून दिला होता. कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही. मेस कुठली लावायची, सकाळी बाथरूमचा नंबर कधी लागेल, हेच प्रश्न तेव्हा मोठे होते.

गेल्या पावसाळ्यात काकूंनी व्हॉट्सॲप ग्रुपवर मेसेज टाकला. वाय-फाय अभ्यासासाठी दिलं आहे, रात्री कोण काय बघतं ते आम्हाला सगळं दिसतं, तुमच्या आईवडिलांनी तुम्हाला आमच्या भरवशावर पाठवलं आहे. सगळ्यांनी खाली ‘ओके काकू’ लिहिलं. मीही लिहिलं. धाक दाखवायला लिहिलं असेल, असं आम्ही आपापसात ठरवून टाकलं.

मग आमच्यातल्या बार्शीच्या मुलीचं प्रकरण झालं. तिला विचारूनच हे लिहिते आहे. तिची पाळी बरेच महिने नीट येत नव्हती. चेहऱ्यावर पुरळ, वजन वाढलेलं. अभ्यासाच्या ताणाने असेल म्हणून तिने अंगावर काढलं. शेवटी एका रात्री तिने जवळपासचे स्त्रीरोगतज्ज्ञ शोधले आणि एका दवाखान्याची साइट उघडली. त्या दवाखान्याच्या नावातच ‘फर्टिलिटी’ असा शब्द होता. दोन दिवसांनी काकूंनी तिला जिन्यात अडवलं. ‘असल्या दवाखान्याचं तुला काय काम पडलं?’ असं विचारलं. ती गोंधळली, धड उत्तर देता आलं नाही. काकूंनी त्याच संध्याकाळी तिच्या आईला फोन केला. तिसऱ्या दिवशी पहाटेच्या एसटीने आई-वडील आले आणि तिला घेऊन गेले. पूर्वपरीक्षा तोंडावर होती. तिची पुस्तकं आमच्याच खोलीत राहिली.

त्या रात्री फ्लॅटमध्ये कुणी फारसं बोललं नाही. मी पडल्या पडल्या आठवत राहिले, आपण या वाय-फायवर काय काय उघडलं होतं. मी रात्री उशिरा खासगी नोकऱ्यांच्या साइट बघायचे. एमपीएससी सोडून द्यावी का, हा विचार माझ्या मनात बरेच दिवस घोळत होता आणि तो मी घरी सांगितला नव्हता. बाबा दर महिन्याला पैसे पाठवत होते. हे त्यांना काकूंच्या तोंडून कळलं तर, या विचाराने झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवशीपासून आम्ही वाय-फाय बंद करून स्वतःचा डेटा वापरायला लागलो. रोजचा दीड जीबी. व्हिडिओ लेक्चर लावली की दुपारीच संपायचा. मग पुन्हा वाय-फाय. कुणीतरी सांगितलं की इन्कॉग्निटोमध्ये उघडलं की काही दिसत नाही. सगळ्या जणी इन्कॉग्निटो वापरू लागल्या. कुणी रोज हिस्ट्री पुसायची. दोन्हीचा काही उपयोग नव्हता. इन्कॉग्निटोने फक्त तुमच्या फोनमध्ये नोंद राहत नाही. बाहेर जाणाऱ्या वाहतुकीत काही फरक पडत नाही. हे त्या इन्कॉग्निटोच्या पहिल्या पानावरच लिहिलेलं असतं, आम्ही ते कधी वाचलं नव्हतं. याच गैरसमजावरून अमेरिकेत २०२० साली गूगलवर दावा झाला. २०२४ मध्ये तडजोडीच्या अटी जाहीर झाल्या आणि गूगलने जमा झालेल्या अब्जावधी नोंदी पुसायचं कबूल केलं. म्हणजे हा समज फक्त आमच्या फ्लॅटपुरता नव्हता.

मदत झाली ती आमच्यातल्या लातूरच्या मुलीच्या मावसभावाची. तो कात्रजला राहतो, इंटरनेट जोडण्या देणाऱ्या एका कंपनीत काम करतो. तिने त्याला फोनवर सगळं सांगितलं. तो म्हणाला, फोनवर समजावून तुम्हाला पटणार नाही, घरी या, दाखवतो. रविवारी आम्ही दोघी गेलो. वहिनींनी पोहे केले. दादाने लॅपटॉप उघडला आणि मला म्हणाला, ‘तू आता काकू हो. बघ तुला काय दिसतं ते.’

आधी त्याने राउटरचं पान उघडलं. ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ असा आकडा टाकला की ते उघडतं. काही राउटरमध्ये आकडा थोडा वेगळा असतो, तो यंत्राच्या खाली चिकटवलेल्या कागदावर छापलेला असतो. तिथे घरात जोडलेल्या सगळ्या वस्तूंची यादी होती. टीव्ही, वहिनींचा फोन, आम्हा दोघींचे फोन. माझा फोन माझ्या नावासकट दिसला, कारण फोन घेतल्यावर मी त्याला स्वतःचं नाव दिलं होतं. कोण कधी जोडलं गेलं आणि कुणी किती डेटा वापरला, हेही कळत होतं. साइटची नावं मात्र त्या पानावर नव्हती. बऱ्याचशा साध्या राउटरमध्ये एवढंच दिसतं, असं दादा म्हणाला.

‘मग काकूंना दवाखान्याचं नाव कसं कळलं?’ मी विचारलं.

त्याने राउटरमध्ये एक सेटिंग बदललं आणि मला फोनवर काहीही उघडायला सांगितलं. मी एमपीएससीची साइट उघडली, यूट्यूबवर भूगोलाचं लेक्चर लावलं, गूगलवर काहीबाही शोधलं, मैत्रिणीला व्हॉट्सॲपवर मेसेज केला. थोड्या वेळाने त्याने लॅपटॉपवर एक यादी काढली. तिच्यात एमपीएससी, यूट्यूब, गूगल, व्हॉट्सॲप ही नावं वेळेसकट आली होती. मी न उघडलेलीही बरीच नावं होती. जाहिरातींची, फोनमधल्या ॲपची. खरं सांगते, पोटात गोळा आला.

मग दादाने विचारलं, ‘यात तू कुठलं लेक्चर बघितलंस ते सांग.’ ते कुठेच नव्हतं. गूगलवर काय शोधलं तेही नव्हतं. मेसेजमधलं एक अक्षर नव्हतं.

त्याने जे समजावलं ते माझ्या शब्दांत सांगते. साइटचं नाव आपण टाकतो, पण तिथे पोचायला फोनला आकडी पत्ता लागतो. तो पत्ता विचारायची सोय म्हणजे डीएनएस. ही विचारणा बहुधा राउटरमार्फत आणि उघड्यावर होते. त्यामुळे राउटर ज्याच्या ताब्यात आहे त्याला ती लिहून ठेवता येते. मुलांनी नको त्या साइट बघू नयेत म्हणून पालकांसाठी अशा फुकट सेवा मिळतात. राउटरमध्ये त्यांचा आकडा टाकायचा, की घरातून कुठल्या साइट उघडल्या त्याची यादी मालकाला मिळते. पण पत्ता मिळाल्यानंतरचं सगळं बोलणं आजकाल बहुतेक साइटवर कुलूपबंद असतं. साइटच्या पत्त्याच्या सुरुवातीला ‘एचटीटीपीएस’ असतं, त्याचा अर्थ हाच. एसटीच्या कंडक्टरला तुम्ही कुठल्या थांब्यावर उतरलात ते कळतं, पुढे कुणाच्या घरी गेलात आणि काय बोललात ते कळत नाही, तसं. व्हॉट्सॲपचे मेसेज तर २०१६ पासून पाठवणारा आणि घेणारा यांच्याशिवाय कुणालाच वाचता येत नाहीत.

‘बहुतेक’ हा शब्द त्याने मुद्दाम वापरला. जुन्या परीक्षांच्या प्रश्नपत्रिका मिळणारी एक साइट आम्ही वापरायचो. ती नुसत्या ‘एचटीटीपी’वर चालायची. क्रोममध्ये तिच्यापुढे ‘नॉट सिक्युअर’ असं यायचं. २०१८ पासून क्रोम अशा सगळ्या साइटला तसं लिहितो, पण आम्ही कधी लक्ष दिलं नव्हतं. दादाने लॅपटॉपचा हॉटस्पॉट चालू करून माझा फोन त्याला जोडला आणि वायरशार्क नावाचं सॉफ्टवेअर लावलं. मी ती साइट उघडली. लॉगिनच्या चौकटीत मुद्दाम खोटा पासवर्ड टाकला. तो त्याच्या स्क्रीनवर जसाच्या तसा उमटला. मी कुठलं पान उघडलं, त्यावर काय मजकूर होता, सगळं वाचता येत होतं. त्या साइटवर लातूरच्या मुलीचा जो पासवर्ड होता तोच तिच्या मेललाही होता. तिने तिथे बसूनच मेलचा पासवर्ड बदलला.

बार्शीच्या मुलीच्या बाबतीत काय झालं असणार ते आता उलगडलं. काकूंना दिसली होती एक वेळ, तिच्या फोनचं नाव आणि दवाखान्याच्या साइटचं नाव. तिने त्या साइटवर कुठलं पान वाचलं, कुठल्या आजाराबद्दल वाचलं, हे त्यांना दिसणं शक्यच नव्हतं. बाकीची गोष्ट काकूंनी मनाने जुळवली आणि तीच फोनवर सांगितली. मला अजूनही हाच भाग सगळ्यात जास्त खुपतो. सगळं दिसलं असतं तर पीसीओडी हे तिच्या पाळीच्या आजाराचं नावही दिसलं असतं आणि काही बिघडलं नसतं. अर्धवट दिसलं, म्हणून घात झाला. ‘आत काय लिहिलंय ते कुणाला दिसत नाही, मग घाबरायचं कशाला’, असं म्हणणारे नंतर मला बरेच भेटले. काही साइटचं नुसतं नावच पुरेसं बोलतं. दवाखाना, समुपदेशन, लग्न जुळवणाऱ्या साइट, कर्जाची ॲप, नोकरीच्या साइट.

दादाने मग उपाय दाखवला. अँड्रॉइड ९ पासूनच्या फोनमध्ये सेटिंगमध्ये नेटवर्कच्या भागात ‘प्रायव्हेट डीएनएस’ असतं. फोनच्या कंपनीप्रमाणे जागा थोडी बदलते, सेटिंगच्या शोधात लिहिलं की सापडतं. तिथे डीएनएस सेवेचं नाव टाकायचं. त्याने माझ्या फोनमध्ये ‘डीएनएस डॉट गूगल’ टाकलं. मग पत्त्याची विचारणाही कुलूपबंद होते. पुन्हा तेच सगळं उघडलं. या वेळी यादीत माझ्या फोनपुढे त्या एका नावाशिवाय काही आलं नाही.

यात दोन गोष्टी आहेत, त्याही त्याने लपवल्या नाहीत. एक, ती विचारणा आता गूगलकडे जाते, म्हणजे ती कुणाकडे तरी जातेच. दुसरी, साइटशी जोडणी सुरू करताना फोन बहुतेक वेळा तिचं नाव एकदा उघडपणे सांगतो. ज्याच्याकडे चांगली यंत्रणा आणि ज्ञान आहे, त्याला ते तिथेही पकडता येतं. इंटरनेट कंपनीलाही ते दिसू शकतं. ‘पण काकूंच्या भाच्याने फुकटची सेवा जोडलेली दिसते. तिच्यापुरतं हे पुरे,’ असं तो म्हणाला.

मी व्हीपीएनचं विचारलं. ते लावलं की राउटरला आणि इंटरनेट कंपनीला साइटची नावं दिसत नाहीत, पण ती सगळी व्हीपीएनवाल्याला दिसतात. फुकट व्हीपीएन देणारा पोट कशावर भरतो, याचा विचार करून मगच घ्या, असं दादा म्हणाला. शिवाय आपल्याकडे सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेने २०२२ साली आदेश काढला की व्हीपीएन कंपन्यांनी ग्राहकांची माहिती पाच वर्षं जपून ठेवावी. त्यानंतर काही मोठ्या परदेशी कंपन्यांनी भारतातले सर्व्हरच काढून घेतले. हे मी चालू घडामोडींच्या वहीत लिहिलेलं होतं. त्याचा आपल्या फोनशी संबंध आहे, हे कात्रजला बसून कळलं.

निघताना त्याने आणखी एक तपासायला सांगितलं. भाच्याने आमचे फोन हातात घेतले होते ना? मग सिक्युरिटीच्या सेटिंगमध्ये ‘ट्रस्टेड क्रेडेन्शियल्स’ उघडून ‘यूझर’च्या रकान्यात काही आहे का बघा. तिथे कुणी स्वतःचं प्रमाणपत्र बसवलं असेल, तर ब्राउझरमधलं कुलूपबंद बोलणंही त्याला उघडता येऊ शकतं. आणि फोनमध्ये अनोळखी ॲप दिसतं का तेही बघा. आमच्या सगळ्यांचे रकाने रिकामे होते. खराडीला जाणाऱ्या मुलीच्या कंपनीच्या लॅपटॉपमध्ये मात्र कंपनीचं प्रमाणपत्र सापडलं. तिने आयटीवाल्यांना विचारलं, तर कामावर घेताना सही केलेल्या कागदात ते लिहिलेलंच होतं. ती त्या लॅपटॉपवर बँकेचं काम करायची, ते तिने बंद केलं.

त्या रात्री सगळ्यांच्या फोनमध्ये आम्ही ते सेटिंग केलं. फोनची नावंही बदलली. पण बार्शीची मुलगी घरी बसली होती आणि तिच्यावरचा संशय तसाच होता. नुसती सेटिंग बदलून ते भागणार नव्हतं. कोल्हापूरची ताई, म्हणजे आमच्यातली नर्स, म्हणाली की काकूंशी बोलायला हवं. भांडायचं नाही असं आधी ठरवलं. आम्हा सगळ्यांना पुट्टास्वामी खटला तोंडपाठ होता. २४ ऑगस्ट २०१७, सर्वोच्च न्यायालयाचे नऊ न्यायाधीश, खासगीपणा हा मूलभूत हक्क, कलम २१. टेस्ट सिरीजमध्ये दरवेळी प्रश्न यायचा. काकूंच्या सोफ्यावर बसल्यावर त्यातलं काहीच आठवलं नाही. माझे तळहात घामाने ओले झाले होते.

ताईने सरळ सुरुवात केली. काकू, तिला पीसीओडी आहे. मीच तिला डॉक्टरकडे जा म्हणाले होते. आमच्या वॉर्डात अशा कितीतरी मुली येतात. तो दवाखाना पाळीच्या सगळ्याच तक्रारी बघतो. काकू आधी चिडल्या. ‘मी तिच्या भल्यासाठीच केलं, उद्या काही झालं असतं तर तिच्या आईने मलाच विचारलं असतं,’ असं म्हणाल्या. काका मध्ये पडले. ‘जोडणी माझ्या नावावर आहे. कुणी काही उद्योग केला तर पोलीस माझ्या दारात येतील.’

काकांचं म्हणणं खोटं नव्हतं. बाहेरच्या जगाला सगळ्या फ्लॅटचा एकच पत्ता दिसतो आणि तो त्यांच्या नावावर असतो. हे दादानेही सांगितलं होतं. त्यामुळे आम्ही ते मान्य केलं आणि मार्ग सुचवला. भाड्याच्या मुलींसाठी राउटरवर वेगळं गेस्ट नेटवर्क करा. कुठला फोन कधी जोडला गेला एवढी नोंद ठेवा. नको त्या साइट बंद करायच्या तर जरूर करा, आमची हरकत नाही. पण कोण कुठली साइट बघतं ती यादी काढू नका, आणि असं काही करणार असाल तर खोली देतानाच सांगा. भाच्याला बोलावलं. ती सेवा त्याने मुळात काकूंच्या नातवाच्या टॅबसाठी जोडली होती, आणि एकच राउटर असल्याने आमचीही नावं त्यात येत गेली. त्याने आमच्यासमोर नोंद ठेवण्याचं बटण बंद केलं. पुन्हा चालू केलं असेल तर आम्हाला कळायला मार्ग नाही, म्हणून आमच्या फोनमधलं सेटिंग आम्ही काढलं नाही.

काकूंनी बार्शीला फोन करायला चार-पाच दिवस घेतले. पण केला. काय बोलल्या ते माहीत नाही. तिच्या आईने नंतर ताईला फोन करून औषधाबद्दल बराच वेळ विचारलं. ती मुलगी दिवाळीनंतर परत आली. पूर्वपरीक्षा बुडाली होती. आमच्याकडे राहायची तिची इच्छा नव्हती, तिने नारायण पेठेत खोली घेतली. तिचं डिपॉझिट काकांनी पूर्ण परत दिलं. उपचार त्याच दवाखान्यात चालू आहेत.

मी आता सांगलीला खासगी नोकरी करते. बाबांना मीच सांगितलं. नवी खोली घेताना पाणी आणि लाइट बिलाबरोबर आता हेही विचारते, की वाय-फाय कुणाच्या नावावर आहे, राउटर कुणाच्या घरात आहे, आणि साइटची नोंद ठेवता का. घरमालक जरा चमकतात, पण सांगतात. फोनमधल्या त्या डीएनएसच्या सेटिंगची एक अडचण बऱ्याच जणींना येते. काही अभ्यासिकांमध्ये किंवा हॉटेलांमध्ये प्रायव्हेट डीएनएस अडवलेलं असतं. तेव्हा वाय-फाय जोडलेलं दिसतं, पण साइट उघडत नाही आणि डीएनएस सर्व्हरशी संपर्क होत नाही असा मेसेज येतो. अशा वेळी ते सेटिंग तेवढ्यापुरतं ‘ऑटोमॅटिक’वर न्यावं आणि बाहेर पडल्यावर पुन्हा पहिल्यासारखं करावं. बँक, दवाखाना असं काही उघडायचं असेल, तर तेवढ्या वेळ वाय-फाय बंद करून स्वतःचा डेटा वापरावा. त्याला फार डेटा लागत नाही.